'आतला' मार्क, 'बाहेरचा' मार्क: 'इनी' आणि 'आउटी'ला मराठीत काय म्हणावं?

रातराणी:
'सेव्हरन्स'च्या प्रत्येक भागावर मी दोन-अडीच पानं मराठीत खरडते. वाचक एकच, माझी आई. इंग्रजी मालिका तिला बघायची नसते, पण त्या पोराचं, मालिकेतल्या मार्कचं, पुढे काय झालं हे मात्र रविवारच्या तर्री-पोह्यांसोबत हवं असतं. पहिल्या सीझनभर मी 'इनी' आणि 'आउटी' असंच लिहिलं. ती म्हणे, हे काय इनी-मिनी लावलं. म्हणून दुसऱ्या सीझनपासून 'आतला मार्क' आणि 'बाहेरचा मार्क' केलं. तर परवा चष्मा काढून विचारते, "काहून वं, त्याले बाहेरचं लागलं का?"

तिला चूक तरी कसं म्हणू? आपल्याकडे 'बाहेरचं' म्हणजे बाधाच. मालिकेत तर नेमकं उलटं आहे. डोक्यात चिप बसवतात, ऑफिसची लिफ्ट खाली गेली की घरचा माणूस विझतो आणि ऑफिसचा पेटतो. म्हणजे बाहेरचा हाच मूळ मालक, देहाचा सातबारा त्याच्या नावावर. मागून आलेला तो आतला. चांगली जोडी सुचवा. दुसऱ्या सीझनच्या दहाव्या भागापर्यंत सगळं बोलणार आहे, नंतर बोंबलू नका.

महालकर:
'आत'चीही तीच गत आहे. आमच्याकडे 'तो आत आहे' म्हटलं की लोक जामीन कधी होईल ते विचारतात. अस्सल नागपुरीत तर 'अंदर झाला'. पण मला हा अर्थ इथे फिट वाटतो. आतल्या मार्कला लिफ्टचं दार बंद होताना शुक्रवार संध्याकाळ, उघडताना सोमवार सकाळ. मधला रविवार नाही, साधी झोपही वाट्याला नाही. 'आतला' ठेवा. बाहेरच्याला 'घरचा' म्हणा, आईला भूत दिसणार नाही.

शुद्धमती:
इतके देशी घोळ घालण्यापेक्षा संस्कृतकडे का जात नाही? अंतःस्थ आणि बहिःस्थ. सुटसुटीत, नेमके. 'चित्रपट' आणि 'महापौर'ही सावरकरांनी दिले तेव्हा लोक हसलेच होते.

महालकर:
बहिःस्थ म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारा. आणि अंतःस्थ म्हणजे य, र, ल, व. मार्क यांपैकी कोणता?

ओपीडी:
आमच्या मेडिकलमध्ये पाट्याच आहेत, आंतररुग्ण आणि बाह्यरुग्ण. आंतरमार्क, बाह्यमार्क करा. केसपेपर काढल्यासारखं वाटेल, पण ल्यूमनला, मालिकेतल्या त्या कंपनीला, तेवढा कोरडेपणा शोभतो.

रातपाळी:
मी जरा वेगळं सांगतो. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. पाळीवरून आलेला माणूस पहिला अर्धा तास घरचा नसायचा. मोठ्यानं बोलायचा, कारण साच्यांच्या आवाजात तसंच बोलावं लागे. आई म्हणायची, "थांबा, अजून मिलमधले आलेत, घरचे यायचेत." तेव्हा तिनं ही मालिका न बघताच लिहिली होती म्हणायचं. 'पाळीचा मार्क' आणि 'घरचा मार्क' ही माझी जोडी.

आणि मालिकेच्या नावाचं म्हणाल तर इंग्रजीत 'सेव्हरन्स' हा शब्द तोडण्यालाही आहे आणि कामावरून काढताना हातात ठेवतात त्या पैशालाही. आमच्याकडे त्याला 'हिशेब' म्हणत. 'त्याचा हिशेब झाला' म्हणजे पैसे देऊन घरी पाठवला. त्याच वाक्याचा दुसरा अर्थही सर्वांना माहीत आहे. आतल्या माणसाला नोकरीवरून काढणं म्हणजे त्याला संपवणंच. 'हिशेब' हे मराठी नाव मी आजही देईन.

इतवारी१८७७:
एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी. नाव त्यावरून. आता तिथे मॉल आहे. असो, विषयांतर.

फारकतवाला:
'हिशेब' छान, पण नावाला 'फारकत' हवं. नवरा-बायकोची फारकत, भावाभावांची फारकत, इथे एका माणसाची स्वतःशीच. शब्द 'फरक'वरून आला, म्हणजे वेगळं होणं. अर्थ चपखल.

रातपाळी:
'फरक'वरून नाही हो. फारिग अधिक खत. फारिगखती, मग फारखती, मग फारकत. देणंघेणं संपल्याचा लेखी कागद. म्हणजे फिरून माझा हिशेबच आला.

फारकतवाला:
बोलताना कोणाच्या डोळ्यांपुढे कागद असतो? फरकच असतो. लोक ज्या अर्थानं वापरतात तीच खरी व्युत्पत्ती.

शुद्धमती:
ती व्युत्पत्ती नव्हे, समजूत. आणि दोन्हीही फारसी-अरबी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला मग?

महालकर:
'मालक' पण अरबीच. वर रातराणीनं सातबाऱ्याचा मालक लिहिला तेव्हा तुम्ही गप्प होता.

रिद्धपूरची पोर:
परकायाप्रवेश कसा नाही आठवला कोणाला? आमच्या महानुभाव घरात हे लहानपणीच ऐकलेलं असतं. चांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि गुजरातच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव याच्या मृत देहात प्रवेश केला, तेच पुढे चक्रधर. माझी आजी ही गोष्ट सांगताना 'प्रवेश केला' म्हणत नसे, 'स्वीकारलं' म्हणायची. तो फरक मला 'सेव्हरन्स' बघताना कळला. मार्कच्या ऑफिसातली हेली आर. देह स्वीकारत नाही. तिला तो अंगावर घातला जातो.

ओपीडी:
पण काया परकी कुठे आहे? एकच आहे की.

रिद्धपूरची पोर:
आतलीला परकीच. हेलेना, म्हणजे हेलीची बाहेरची, व्हिडिओत तिला तोंडावर सांगते ना, मी माणूस आहे, तू नाहीस.

बर्डी मेन रोड:
सोपं आहे यार. ऑफिस तळघरात आहे. वरचा आणि खालचा. झालं.

रिद्धपूरची पोर:
'वरचा' म्हणजे देव. आणि 'खालचा' हा शब्द आपल्या समाजात कोणी कोणासाठी वापरला ते नागपुरात बसून मी सांगायला हवं का? मालिकेच्या आशयाला कदाचित तो सर्वात जवळचा असेल. म्हणूनच कोणाच्या आईसाठी लिहिताना मी वापरणार नाही.

बर्डी मेन रोड:
बरोबर. मागे घेतो.

संत्रावाला:
मुख्य प्रश्नाला हात न लावता: 'सीझन'ला 'पर्व' म्हणणं बंद करा. आमच्याकडे संत्र्याच्या सीझनला 'बहार' म्हणतात, जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो तो आंबिया आणि पावसाळ्यातला मृग. पहिला सीझन फेब्रुवारी 2022, दुसरा जानेवारी 2025. दोन्ही आंबियाच झाले. मधले बहार वाया गेले. काटोलच्या बागायतदाराला विचारा, इतकी वर्षं झाड न फुटल्यावर काय वाटतं.

उशिरा_आलो:
अरे, मी दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागावर आहे! निदान पाटी तरी लावायची. सगळा पेपर फोडला.

महालकर:
पाटी पहिल्याच पोस्टमध्ये आहे. बाकी 'पेपर फोडणे' हा स्पॉयलरला फार चांगला शब्द आहे. आणि चौथा भाग आज रात्रीच बघा, कोणाशी न बोलता. तिथे एक सोंग आहे, एवढंच सांगतो.

रातराणी:
सगळ्यांचे आभार. 'घरचा मार्क' मी वापरून पाहिला आणि अडले. 'घरचा' म्हटलं की वाचणारा त्याच्या बाजूनं होतो. आई झालीच. मला तर ती कोणाच्याच बाजूनं नको होती.

पण शेवटच्या भागात याहून मोठी अडचण आली. दोघे मार्क कॅमेऱ्यात बोलून एकमेकांना निरोप ठेवतात. एकदा हा, दार ओलांडलं की तो. इंग्रजीत दोघेही एकमेकांना 'यू' म्हणतात आणि सुटतात. मराठीत? मी बाहेरच्याला 'तू' दिलं, तो समजूत घालायला आलाय, मोठा भाऊ असल्यासारखा. आतला 'तुम्ही'. मग बाहेरचा हेलीचं नाव चुकवतो, 'हेलेनी' म्हणतो, आणि तिथे मी आतल्याला 'तू'वर आणलं. संवाद तेवढ्यानं उभा राहिला.

खरी गोची पुढे आहे. बाहेरचा सांगतो की दोन्ही मनं जोडून घेऊ, दोघेही जगू. आता ते 'वी' म्हणजे 'आपण' की 'आम्ही'? इंग्रजीत तो फरकच नाही, म्हणून त्याला ते वाक्य टाकून मोकळं होता येतं. मराठीत मला ठरवावं लागतं की तो आतल्याला मोजतोय की नाही.

ओपीडी:
'आपण'. मनवायला आलाय ना.

महालकर:
'आपण' आदरार्थी 'तुम्ही'लाही चालतं, स्वतःलाही चालतं. 'आपण कशाला पडा त्यात' म्हणताना 'मी'च असतो. आणि नागपुरी हिंदीतलं 'अपन' तर एकटाच माणूस बोलतो. म्हणजे एका शब्दात तो, मी आणि दोघं. मार्कसाठीच केलाय हा शब्द.

शुद्धमती:
'अपन' मराठी नाही.

महालकर:
1956 पर्यंत हे शहर मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आमच्या घरात भाडेकरू म्हणून आली नाही, भावकीत आहे.

फारकतवाला:
मग भावकीची फारकत करा! आणि ती 'फरक'वरूनच.

रातराणी:
'आपण दोघंही जगू' असंच लिहून दिलं काल. आईनं पान परत केलं. समासात पेन्सिलीनं लिहिलंय, "खोटं बोलून राहिला."

फारकतवाला:
ते ठीक. पण 'खत'मधला ख गेला कुठे याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.