पिकअपला जादा पाटे, ताडपत्रीची चौकट आणि धुक्याचे दिवे: कोणते काम करावे, कोणते टाळावे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे ऐरोलीला एमएच-४३ पासिंगची, पिवळ्या पाटीची एक डिझेल पिकअप आहे. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन १,६९० किलो आणि मालासह एकूण वजन २,९९० किलो असे नोंदलेले आहे, म्हणजे कागदोपत्री १,३०० किलो माल नेता येतो. गाडी धाकटा भाऊ चालवतो. ओतूर-आळेफाटा भागातून टोमॅटोचे क्रेट आणि कांद्याच्या गोण्या भरून तो माळशेज घाट उतरतो, मुरबाडवरून कल्याणला थोडा माल उतरवतो आणि शिळफाट्यामार्गे पहाटेच्या आत वाशीच्या बाजार समितीत पोहोचतो. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते, ही गोष्ट पुढच्या प्रश्नांसाठी महत्त्वाची आहे असे मला वाटते.

पावसाळ्यापूर्वी गाडीवर काही कामे करून घ्यायची आहेत. प्रत्येक कामासाठी वेगवेगळ्या कारागिरांना विचारले, आणि प्रत्येकाने आपापले काम आधी करून घ्या असाच सल्ला दिला. त्यामुळे ज्यांचा यात धंदा गुंतलेला नाही, अशांचे मत हवे आहे.

पहिले काम मागच्या कमानींचे, म्हणजे मागच्या एक्सलवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे. माल भरला की गाडी मागून चांगलीच दबते आणि खड्ड्यात एक्सल रबरी बफरवर आपटल्याचा आवाज येतो. गॅरेजवाल्यांच्या मते दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे टाकले की गाडी दबणार नाही आणि "वर दोन-तीनशे किलो आरामात बसेल". मला हे दुसरे वाक्य मुळीच पटलेले नाही. पाटे वाढवल्याने आरसीवरचे वजन वाढत नाही, आणि जादा भार पकडला गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. मला जादा माल भरायचा नाही. आहे तेवढाच माल भरून गाडी सरळ उभी राहावी, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरे काम हौद्यावर ताडपत्रीसाठी पाइपची चौकट बसवण्याचे. सध्या ताडपत्री थेट क्रेटवर अंथरून दोरीने आवळली जाते, तिच्या खळग्यात पाणी साचते आणि वरच्या थरातला टोमॅटो दबतो. बॉडीचे काम करणाऱ्याने दोन पर्याय सांगितले: एक, हौद्याच्या बाजूच्या फाळक्यांवर (खाली पाडता येणाऱ्या कडांवर) पाइप वेल्ड करून वर पाइपच्या कमानी टाकायच्या, दुसरा, सरळ पत्र्याची बंद बॉडीच करून घ्यायची. कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाबत हीच भूमिका घेतली, एवढे मी वाचले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नव्या मालवाहू गाडीला मिळणारे दोन वर्षांचे फिटनेस दिवाळीनंतर संपते आहे, तेव्हा जे काही बसवू ते निरीक्षकासमोर उभे राहील असेच हवे. काढता येणारी चौकट आणि कायमची बंद बॉडी यांत आरटीओ फरक करते का?

तिसरे काम दिव्यांचे. माळशेजला पावसाळी धुक्यात रात्री पुढचे काही दिसत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो की मूळ बल्ब काढून "शंभर-नव्वदचे" (१००/९० वॉटचे) टाका आणि केबिनच्या टपावर एलईडीची लांब पट्टी बसवा. गाडीची हमी अजून शिल्लक असल्यामुळे मूळ वायरिंगला हात लावण्याची माझी तयारी नाही.

हौद्याच्या तळाला चेकर्ड प्लेट टाकण्याचा विचार मात्र मी स्वतःच सोडून दिला आहे. आमचा हौदा साधारण २.५ मीटर बाय १.७ मीटर, म्हणजे सव्वाचार चौरस मीटरचा आहे. ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास भरतो. म्हणजे गाडी आयुष्यभर १०० किलो लोखंड वाहत फिरणार आणि दर खेपेला वीस किलोचे पाच क्रेट घरी राहणार. त्याच जाडीचे ॲल्युमिनियम ३५ किलोत बसते, पण भाजीपाल्यासाठी तेवढा खर्च करण्याचे कारण दिसत नाही. रबरी चटई पुरेशी आहे.

तेव्हा वरील तीन कामांबद्दल, विशेषतः पाट्यांबद्दल, जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (तुर्भे, कमान आणि ब्रेकचे काम करणारा सदस्य)

पाटे टाकण्याआधी गाडी भरलेल्या अवस्थेत वजनकाट्यावर घ्या, आणि एकूण वजनावर थांबू नका. आधी फक्त पुढची चाके काट्यावर चढवून एक पावती घ्या, मग पूर्ण गाडीची दुसरी. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवरचा भार कळतो. आपल्या आरसीवर दोन्ही एक्सलचे नोंदणीकृत वजन असेल, त्याच्याशी ताडून पाहा. भार मर्यादेत असूनही गाडी बफरवर आपटत असेल तर पाटा तुटला आहे का, मधला बोल्ट, यू-बोल्ट आणि शॅकलचे बुश ठीक आहेत का, हे तपासा आणि थकलेली कमान कंपनीच्या मूळ कमानीने बदला. हमी शिल्लक आहे, तेव्हा आधी सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

आता जादा पाट्यांविषयी, कारण हे कोणी सांगत नाही. आपण गाडीखाली वाकून पाहिलेत तर बहुतेक पिकअपमध्ये चेसिसवर बसवलेला एक छोटा व्हॉल्व्ह दिसेल, ज्याची दांडी किंवा स्प्रिंग मागच्या एक्सलला जोडलेली असते. त्याला आम्ही एलएसपीव्ही म्हणतो. गाडी रिकामी असताना मागची चाके हलकी असतात आणि जोरात ब्रेक मारल्यास ती जागच्या जागी अडकून गाडीचा मागचा भाग आडवा येऊ शकतो, म्हणून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागे पूर्ण दाब जाऊ देतो. भार किती आहे हे त्याला केवळ हौदा आणि एक्सल यांच्यातल्या अंतरावरून कळते. आपण दोन-दोन पाटे वाढवून गाडी उंच ठेवलीत, तर गाडीत १,३०० किलो माल असतानाही व्हॉल्व्ह ती रिकामी आहे असेच समजेल. मागचे ब्रेक अर्धवट लागतील आणि सगळा ताण पुढच्या डिस्कवर येईल. सपाट रस्त्यावर हे लक्षातही येत नाही, पण माळशेज उतरताना पुढचे ब्रेक तापून पेडल पोकळ होऊ लागते तेव्हा कारण सापडत नाही. जादा पाटे टाकायचेच असतील तर त्यानंतर दाबमापक लावून, कंपनीच्या मापांनुसार तो व्हॉल्व्ह पुन्हा जुळवावा लागतो. दांडी तारेने बांधून टाकणारे कारागीरही मी पाहिले आहेत. त्यांच्या दारात गाडी नेऊ नका.

आणखी एक प्रश्न: कल्याणला उतरवायचा माल आपला भाऊ हौद्यात कुठे ठेवतो?

प्रतिसाद (कळवा, वाहनांच्या वायरिंगचे काम करणारा सदस्य)

शंभर-नव्वदचा बल्ब मूळ वायरिंगवर अजिबात नको. मूळ एच-४ प्रकारचा बल्ब ६०/५५ वॉटचा असतो, म्हणजे अपरवर दोन दिव्यांना मिळून १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात. १०० वॉटचे दोन बल्ब साधारण १७ अँपिअर ओढतात. त्यात आधी कपलर पिवळा पडतो, मग स्विचचे पॉइंट जळतात आणि दिव्याचा रिफ्लेक्टर काळवंडून उजेड पूर्वीपेक्षाही कमी होतो.

टपावरची पट्टी धुक्यात निरुपयोगी आहे. तिचा उजेड चालकाच्या नजरेसमोरच्या धुक्यावर आदळून परत डोळ्यांत येतो, आणि समोरून येणाऱ्याला आंधळे करतो ते वेगळेच. त्याऐवजी पुढच्या बंपरमध्ये कंपनीने ठेवलेल्या जागी ५५ वॉटचे दोन फॉग लॅम्प बसवा, जितके खाली आणि रुंद पसरणारे तितके चांगले. दोन्हींना मिळून सव्वानऊ अँपिअर लागतात. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३० अँपिअरचा रिले वापरा. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरी, ८७ ला दिवे, ८५ ला अर्थ आणि ८६ ला केबिनमधल्या स्विचकडून येणारी वायर लावायची. स्विचला पुरवठा पार्किंग लाइटच्या फ्यूजवरून फ्यूज टॅप लावून घ्या, म्हणजे पार्किंग बंद केली की फॉगही बंद होतात आणि कंपनीची एकही वायर सोलावी लागत नाही. हमीचा वाद बहुतेक वेळा सोललेल्या वायरीवरूनच सुरू होतो. सगळ्या वायरी स्लीव्हमध्ये घाला आणि अर्थची जागा रंग खरवडून पक्की करा, कारण खाडीकाठच्या हवेत तो जोड पहिल्या पावसातच गंजायला लागतो.

पुढे लोखंडी बुलबार लावून त्यावर दिवे बसवायचा आग्रह कोणी केला तर नकार द्या. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दिव्यांचा प्रश्न माझ्यापुरता मिटला आहे. तुर्भ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे गाडी काट्यावर घेतली. एकूण वजन २,९४० किलो भरले, म्हणजे मर्यादेतच होते. पण पुढच्या एक्सलवर ९६० आणि मागच्यावर १,९८० किलो आले. आरसीवर मागच्या एक्सलची मर्यादा १,९०० किलो आहे. एकूण वजन बरोबर असून एक एक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो, हे मला नवीन आहे.

आपल्या प्रश्नाचा रोखही आता कळला. कल्याणचा माल आधी उतरवायचा म्हणून कांद्याच्या सहा गोण्या, म्हणजे ३०० किलो, अगदी मागच्या फाळक्यालगत ठेवल्या जातात. त्या दीड मीटर पुढे केबिनकडे सरकवल्या, तर ३.१ मीटरच्या व्हीलबेसवर सुमारे १४५ किलो भार मागच्या एक्सलवरून पुढच्यावर जातो, असा माझा हिशेब आहे. तसे झाल्यास मागे १,८३५ किलो राहतील आणि पाट्यांचा विषयच उरणार नाही. भाऊ तयार आहे, पण कल्याणला त्या गोण्या डाव्या बाजूचा फाळका पाडून काढाव्या लागतील. आणि इथे चौकटीचा प्रश्न नव्याने उभा राहतो: बॉडीवाला म्हणतो तसे बाजूच्या फाळक्यांवर पाइप वेल्ड केले, तर फाळका पडणारच नाही. यावर उपाय काय?

प्रतिसाद (कळंबोली, बॉडी बांधणीतील सदस्य)

हिशेब बरोबर आहे. जागा बदलल्यावर पुन्हा एकदा काटा करून घ्या, आणि पाट्यांच्या कमानीची तपासणी तरीही टाळू नका.

चौकटीसाठी फाळक्यांना हात लावू नका. आपल्या हौद्याच्या चारही कोपऱ्यांत आणि बाजूंच्या मध्यावर उभे खांब असतील, त्यांना आतल्या बाजूने पाइपची छोटी नळकांडी नटबोल्टने बसवून घ्या आणि त्यांत सव्वा इंची पाइपच्या तीन कमानी वरून उतरवा. प्रत्येक नळकांड्याला आरपार पिन ठेवा, म्हणजे वाऱ्याने कमान उचलणार नाही आणि काढायची झाल्यास हातोड्याची गरज पडणार नाही. माथ्याला तीनही कमानी जोडणारा एक आडवा पाइप ठेवलात तर ताडपत्री मध्ये खचणार नाही. पाइप फाळक्यांच्या आत राहिल्याने डावा-उजवा दोन्ही फाळके पूर्वीसारखे पडतात. चेसिसला भोक किंवा वेल्डिंग कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नका, आणि हौद्यावर कुठे वेल्डिंगचा टाका मारावाच लागला तर आधी बॅटरीची दोन्ही टोके आणि इंजिनच्या ईसीयूचा (इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा) कपलर काढायला लावा.

पत्र्याची बंद बॉडी केली तर आरसीवरचा बॉडीचा प्रकारच बदलतो, रिकाम्या गाडीचे वजन वाढते आणि आरटीओची पूर्वपरवानगी घेऊन दोन्हींची नोंद करावी लागते. पिन काढून उतरवता येणाऱ्या चौकटीत बॉडी उघडीच राहते. तरीही फिटनेसला जाताना कमानी आणि ताडपत्री घरी उतरवून ठेवा, आणि कमानींचे वजन मालाच्या हिशेबात धरा. तीन कमानी व आडवा पाइप मिळून पंचवीस-तीस किलो होतील. विमा कंपनीला फॉग लॅम्प आणि चौकट या दोन्हींची बिले देऊन पॉलिसीत नोंद करून घ्या, कारण नोंद नसलेल्या वस्तूंची भरपाई दाव्याच्या वेळी सहसा मिळत नाही.