रुकी टॅकलचे पास ब्लॉकिंग सॅकच्या आकड्यावरून जोखावे का?

न्यूजर्सीकर

2020 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या संघांनी रुकी (पहिल्याच हंगामातले) खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, पहिल्या तेरा निवडींत चार ऑफेन्सिव्ह टॅकल (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोरच्या फळीत कडेला उभे राहून त्याला वाचवणारे) गेले: चौथ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सकडे अँड्र्यू थॉमस, दहाव्यावर क्लीव्हलँड ब्राउन्सकडे जेड्रिक विल्स, अकराव्यावर न्यूयॉर्क जेट्सकडे मेकाय बेक्टन आणि तेराव्यावर टॅम्पा बे बक्कनिअर्सकडे ट्रिस्टन वर्फ्स. त्या हिवाळ्यात आमच्या भागात थॉमसचे नाव निघाले की लोक कपाळाला हात लावत, कारण चौघांत सर्वांत आधी निवडलेला हाच खेळाडू सर्वांत जास्त मार खात होता. वर्फ्सच्या नावावर मात्र आकडेवारी ठेवणाऱ्या प्रो फुटबॉल फोकसच्या नोंदीप्रमाणे अख्ख्या नियमित हंगामात एकच सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅक लोळवला जाणे) लागला. दोनच वर्षांनी थॉमस ऑल-प्रोच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या) दुसऱ्या संघात होता आणि 2023 मध्ये जायंट्सने त्याच्याशी पाच वर्षांचा 11 कोटी 75 लाख डॉलरचा करार केला.

मी नुकतेच त्याचे पहिल्या वर्षीचे सामने पुन्हा पाहिले. माझे म्हणणे असे आहे की रुकी टॅकल किती वेळा हरतो यापेक्षा तो कसा हरतो हे पाहिले पाहिजे. थॉमस बहुतेक वेळा एकाच पद्धतीने हरत होता. स्नॅप झाला (चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाला) की बाहेरून क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्या बचावपटूच्या, म्हणजे एज रशरच्या, वेगाच्या धास्तीने त्याचे पहिले पाऊल गरजेपेक्षा बाहेर पडे, त्यामुळे त्याच्या आणि फळीत शेजारी उभ्या असलेल्या गार्डच्या मध्ये दार उघडे राही, आणि रशर एक पाऊल बाहेर टाकल्याचे भासवून त्या दारातून आत घुसे. थॉमसचे हात तोवर कमरेपाशीच असत. त्याचे पाय मंद नव्हते आणि अंगात जोर कमी नव्हता. हा सवयीचा दोष होता, आणि सवय बदलता येते. नोव्हेंबरमध्ये जायंट्सने ऑफेन्सिव्ह लाइनचे प्रशिक्षक मार्क कोलंबो यांना काढले, म्हणजे शिकवणाराही हंगामाच्या मध्यावर बदलला. अशा मुलाला सॅकच्या तक्त्यावरून नापास ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

रविवारची रात्र (पुणे)

आपले निरीक्षण बारकाईचे आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. थॉमस पुढे सुधारला हे आज ठाऊक असल्यामुळे आपल्याला त्या चित्रफितींत सुधारण्याजोगा दोष दिसतो आहे. तो सुधारला नसता तर त्याच चित्रफितींवर बोट ठेवून आपण म्हणाला असता की पाहा, ही खोट पहिल्या दिवसापासून होती. डिसेंबर 2020 मध्ये बसून जो निर्णय घ्यायचा आहे, त्याला 2022 चा ऑल-प्रो उपयोगी पडत नाही.

टॅकलचे काम क्वार्टरबॅकला उभे ठेवणे हे आहे. त्या हंगामात जायंट्सनी 50 सॅक दिले आणि बक्कनिअर्सनी 22. सगळे काही टॅकलमुळे झाले असे मी म्हणत नाही, पण इतके अंतर नुसत्या योगायोगाने पडत नाही. शिवाय दोघांची परिस्थिती सारखीच अवघड होती. करोनामुळे त्या वर्षी सराव सामने झालेच नाहीत, त्यामुळे वर्फ्सचा पहिला खरा सामना थेट न्यू ऑर्लिन्समध्ये रशर कॅम जॉर्डनसमोर होता. मी तो इथे रात्री उशिरापर्यंत जागून पाहिला. संघ हरला, पण कोवळ्या पोराला उजव्या बाजूला एकटे ठेवले आहे असे एकदाही वाटले नाही. हा फरक आकड्यातही दिसतो आणि डोळ्यांनाही दिसतो. मग आकड्यावर राग का?

तालमीतला

माझे अमेरिकन फुटबॉलचे ज्ञान गेल्या पाचसहा वर्षांतले आहे, पण कोल्हापुरात लहानपणी तालमीत घालवलेली वर्षे इथे कामी येतात. वर्फ्स शाळेत असताना आयोवा राज्याचा हेवीवेट कुस्ती विजेता होता, आणि ते त्याच्या उभे राहण्यातून कळते. कंबर खाली, पाठ सरळ, वजन दोन्ही पायांवर, आणि समोरचा अंगावर येईपर्यंत हात आवरलेले. आमचे वस्ताद सांगत की आधी हात टाकणारा तोल देऊन बसतो. थॉमसच्या बाबतीत न्यूजर्सीकर जे पाऊल दाखवत आहेत, तो पवित्र्याचा दोष आहे, आणि पवित्रा घोटून घेता येतो, हे मी अंगमेहनतीने शिकलो आहे.

पण वर्फ्सचा जो एक सॅक आहे तोही नीट पाहावा. पाचव्या आठवड्यात शिकागोला तिथल्या रशर खलील मॅकने त्याला अक्षरशः बाजूला भिरकावून बक्कनिअर्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला गाठले. तिथे पाऊल चुकले नव्हते. मॅकने जोर लावला त्या क्षणी वर्फ्सचे वजन पुढच्या पायावर गेले होते, आणि वजन पुढे गेलेल्या गड्याला फेकायला फार ताकद लागत नाही. ‘एक सॅक’ एवढे लिहिल्यावर यातले काहीच वाचणाऱ्याच्या हाती लागत नाही, म्हणून आकडा अपुरा आहे हे मला पटते. तो खोटा आहे हे मात्र पटत नाही.

न्यूजर्सीकर

आकडा खोटा आहे असे मीही म्हणत नाही. तो एकट्या टॅकलचा नसतो, एवढेच माझे सांगणे आहे. ब्रेडी त्या वर्षी 43 वर्षांचा होता. तो पळू शकत नव्हता, पण चेंडू कधी सोडायचा हे त्याच्याइतके कोणाला कळत नव्हते. टॅकलने रशरला बाहेरच्या बाजूने वळसा घ्यायला लावला की ब्रेडी दोन पावले पुढे सरकून पॉकेटमध्ये (रक्षकांनी केलेल्या कड्यात) उभा राहायचा आणि रशर त्याच्या पाठीमागून निघून जायचा. तोच ब्लॉक जायंट्सचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्ससमोर ठेवून पाहा. जोन्स चेंडू धरून ठेवायचा आणि मागे मागे सरकायचा, त्यामुळे टॅकलने ज्या जागेचा अंदाज बांधून रशरला वळवले, त्या जागेवर क्वार्टरबॅक नसायचाच. वळसा घेऊन आलेला रशर थेट त्याच्या अंगावर. नोंद मात्र टॅकलच्या खात्यात.

म्हणूनच क्रीडावाहिनी ईएसपीएन जे मोजमाप देते, म्हणजे टॅकलने ब्लॉक अडीच सेकंद टिकवला की नाही, ते मला सॅकपेक्षा बरे वाटते. क्वार्टरबॅकच्या सवयी त्यातून बऱ्याच अंशी बाजूला पडतात. पण तेही पुरेसे नाही, कारण टॅकलशेजारच्या टाइट एंडने जाता जाता रशरला धक्का दिला होता का, रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा) त्या बाजूला मदतीला ठेवला होता का, की प्ले-अ‍ॅक्शनमुळे (आधी धावेचा आव आणून मग पास टाकण्याने) रशर क्षणभर थबकला होता, हे पाहिल्याशिवाय रुकीला एकटे सोडले होते की नाही हे ठरत नाही. सरळ ड्रॉपबॅक आहे (क्वार्टरबॅक मागे सरकून पास टाकतो), शेजारी मदत नाही, पुढे बरेच यार्ड हवे असल्याने पास येणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे, असे स्नॅप निवडून त्यांवर परीक्षा घ्यावी. वर्फ्स त्या परीक्षेतही उत्तीर्ण होतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. 2023 मध्ये ब्रेडी निवृत्त झाला, वर्फ्स डाव्या बाजूला आला आणि तरीही तो टिकला. थॉमस त्या परीक्षेत 2020 मध्ये कमी पडतो, पण तक्ता सांगतो तितका नाही.

शुक्रवारचे मैदान (टेक्सस)

माझा मुलगा हायस्कूलमध्ये राइट टॅकल खेळतो, त्यामुळे मी या चर्चेत तिऱ्हाईत नाही. न्यूजर्सीकरांना एक प्रश्न आहे. ‘कसा हरतो ते पाहा’ हा नियम जेड्रिक विल्सला लावून दाखवा.

विल्स अलाबामात उजव्या बाजूला खेळत असे. तिथला क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ डावखुरा असल्याने त्याच्या पाठीकडची बाजू विल्सच सांभाळत होता. ब्राउन्सने त्याला सरळ डाव्या बाजूला नेले. ही बदली किती अवघड असते ते मी घरात पाहिले आहे. गेल्या उन्हाळ्यात मुलाला तीन आठवडे डाव्या बाजूला उभे केले, तर तो गॅरेजमध्ये रोज रात्री भिंतीकडे तोंड करून उलट्या पायाची किक-स्लाइड (टॅकलची मागे सरकण्याची पावले) घोटत बसे आणि तरी सरावात पहिला पाय चुकीचाच उचलत असे. विल्सने ते पहिल्याच वर्षी निभावले, संघ प्लेऑफमध्ये गेला, आणि त्याचे हरणे थॉमसइतके कुरूप मुळीच दिसत नव्हते. आपल्या नियमाने तो थॉमसच्या पुढे जायला हवा होता. प्रत्यक्षात दुखापती मागे लागल्या आणि 2024 मध्ये त्याची जागा डावांड जोन्सकडे गेली. बेक्टनकडे पाहा: त्याच्या अजस्र देहाने रुकी वर्षात सगळ्यांचे डोळे दिपवले, नंतर गुडघ्याने दगा दिला, आणि शेवटी तो फिलाडेल्फियाकडून सुपर बाउल जिंकला तो राइट गार्ड म्हणून. चित्रफितीतून पुढचा काळ वाचता येतो, हा दावा मला फार मोठा वाटतो.

न्यूजर्सीकर

विल्सचे उदाहरण माझ्या म्हणण्याला खरोखर छेद देते. दुखापत चित्रफितीत दिसत नाही एवढेच मी म्हणू शकतो, आणि ते उत्तर पूर्ण नाही हेही मला कळते. पुढे काय होईल याचा अंदाज हा माझा दावा मी मागे घेतो. पण त्या वर्षी मैदानावर काय घडले, निदान त्याचा न्याय तरी सॅकच्या तक्त्यावरून करू नये, यावर मी ठाम आहे. थॉमसच्या घोट्यावर हंगाम संपल्यावर शस्त्रक्रिया झाली. तो घोटाही त्या तक्त्यात कुठेच नाही.

रविवारची रात्र (पुणे)

हे मागे घेतल्यामुळे आपल्यातले अंतर बरेच कमी झाले. तरी माझी एक अडचण राहतेच. 13 डिसेंबर 2020 रोजी अ‍ॅरिझोनाच्या हासन रेडिकने जायंट्सविरुद्ध एकट्याने पाच सॅक केले. एका माणसाने एका दुपारी पाच वेळा क्वार्टरबॅकला लोळवले असेल, तर लाइनची कोणतीही बाजू घेताना हा दिवस ओलांडून पुढे जाता येणार नाही. न्यूजर्सीकर, आपण पुन्हा पाहिलेल्या सामन्यांत हा होता का?

न्यूजर्सीकर

होता, आणि मुद्दाम दोनदा पाहिला. जोन्स त्या दिवशी मांडीच्या दुखापतीतून नुकताच परतला होता आणि धड पळू शकत नव्हता, एवढे ध्यानात ठेवून ते पाचही प्रसंग पाहावेत. रेडिक दर वेळी कोणत्या बाजूला उभा आहे, समोर टॅकल आहे, टाइट एंड आहे की रनिंग बॅक, आणि त्याचा हात पोहोचला तेव्हा जोन्सच्या हातात चेंडू किती वेळ होता, हे प्रत्येक वेळी वेगळे लिहून काढा. माझी यादी मी इथे आधी देत नाही, कारण तिचा परिणाम आपल्या पाहण्यावर होईल.

रविवारची रात्र (पुणे)

मान्य आहे. शनिवारी रात्री बसतो, घड्याळ हाताशी ठेवून प्रत्येक सॅकची वेळ मोजतो आणि थॉमसच्या खात्यात किती जातात ते रविवारी इथे लिहितो. तालमीतले, आपणही पाहावा अशी विनंती. पायांचे मला आपल्याइतके कळत नाही.