रानातलं पडकं घर: आत गेला आहात का कधी?

रानवाट: रानात वाट सोडून थोडं आत शिरलं की कधीतरी एखादं पडकं घर समोर येतं. काही जण लांबूनच हात जोडतात, काहींचे पाय आपसूक तिकडे वळतात. मी दुसऱ्या गटातली. तुम्हीही असाल तर काय पाहिलं, काय ऐकलं, ते लिहा. भुताचे किस्सेही चालतील, फक्त 'मित्राच्या मित्राने पाहिलं' छापाचे नकोत.

मला अशी घरं फुलझाडांवरून सापडतात. सगळीकडे रानटी झुडपं माजलेली आणि मध्येच फुलझाडांची सरळ रांग दिसली की समजायचं, इथे कुणीतरी हाताने लावलीत. कुंपण केव्हाच गेलेलं असतं, झाडं मात्र फुलत असतात. अशाच एका रांगेमागे जोतं आणि त्यावर अर्धं उभं घर मिळालं. दगडी जिन्याच्या पायऱ्या एकाच बाजूला झिजलेल्या होत्या. कठडा त्याच बाजूला असणार. भिंतीत त्याची भोकं होती.

रंधा: मी सुतार, त्यामुळे माझी नजर आधी पायाखाली. लाकडी जमीन वरून ठणठणीत दिसते, पण खालच्या तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ओल धरते आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. फळ्यांवर खिळ्यांची रांग दिसते ना, तिच्याखाली तुळई असते. पाय टाकायचाच तर त्या रांगेवर, तोही आधी टोचून बघून. माझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर असतोच. एका माडीच्या तुळईत तो मुठीपर्यंत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. बरोबरचा म्हणाला, "एवढं काय घाबरायचं!" म्हटलं, तू हो पुढे. तोही नाही गेला.

निशाचर: भुताचा किस्सा माझ्याकडून. तिन्हीसांजेला माळ्यावरून अशी किंकाळी आली की आम्ही सगळे थेट अंगणात. दुसऱ्या दिवशी उजेडी पुन्हा गेलो. भिंतीवर पांढरे ओघळ, खाली करडे, केसाळ गोळे. एक गोळा पाण्यात भिजवून सोडवला तर आत उंदराची कवटी, नारिंगी दातांसकट! गव्हाणी घुबड. ते घूत्कार करत नाही, किंचाळतं. न पचलेली हाडं-केस असे गोळे करून ओकून टाकतं. भूत गेलं, पण किंकाळी आठवली की काटा अजून येतो.

पायवाट: मी दारापर्यंतच गेलो. आत उंबऱ्याशी बुटांचा जोड होता. ओला. बाकी नंतर लिहितो, फोन आलाय.

निशाचर: अहो, क्रमशः टाकून पळू नका!

साधीमाणसं: मजा येतेय वाचायला, पण @निशाचर, गोळे उघड्या हातांनी सोडवले नसतील अशी आशा. वटवाघळांच्या विष्ठेच्या ढिगात हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी वाढते. ढीग उकरला की तिचे बीजाणू श्वासावाटे फुफ्फुसात जातात. उंदरांच्या वाळल्या लेंड्यांच्या धुळीतून काही ठिकाणी हंता विषाणूची लागण होते. असली जागा कोरडी झाडू नये. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लागतो.

आणि घराइतकंच अंगण सांभाळा. रानातल्या घराला पाण्याची सोय लागायचीच. विहिरीवर फळ्या टाकून माणसं निघून जातात, फळ्यांवर पाचोळा साचतो, खाली फळ्या कुजतात. आमच्यातल्या एकाची काठी पाचोळ्यातून आरपार गेली तेव्हा विहीर कळली. तेव्हापासून पुढे काठी, मागे मी.

रानवाट: बाप रे! विहिरीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. @पायवाट, बूट कुणाचे?

पायवाट: मालकाचे! मी मागे फिरणार तेवढ्यात पाठीमागून "कोण पाहिजे?" आजोबा ओढ्यातून येऊन बूट वाळत घालून अनवाणी हिंडत होते. अधूनमधून घर बघायला येतात म्हणे. आत यायचंय का, असं त्यांनीच विचारलं, सगळं फिरून दाखवलं. माडीवर मात्र जाऊ देईनात.

रंधा: शहाणा माणूस.