वेग घेताना घर्षणाचा बाण पुढे की मागे?

अकरावी_ब: पुढच्या चाकांना ताकद मिळणारी मोटार, वस्तुमान १२०० किग्रॅ, त्वरण २ मी/से². उत्तराच्या आकृतीत इंजिनाचं बल कुठेच नाही! घर्षणाचा बाण पुढच्या चाकांवर पुढे, मागच्यांवर मागे. छपाईची चूक आहे का?

जुना_क्लच: आकृती बरोबर आहे. इंजिन गाडीच्या पोटात. आतल्या बलांची बेरीज शून्य, त्यांनी अख्खी गाडी हलत नाही. आडव्या दिशेने बाहेरून तिला हात लावणारे दोघेच, रस्ता आणि हवा.

घर्षण विरोध करतं ते घसरण्याला, गतीला नव्हे. (हे अर्धं वाक्य पुस्तकं का गाळतात, देव जाणे.) सुट्या खडीवर कुणी झटक्यात क्लच सोडला की खडी कुठे उडते? मागे. म्हणजे टायर जमिनीला मागे रेटतो आणि जमीन टायरला पुढे. मागची चाकं बिचारी फरफटत येणारी. त्यांचं फिरणं वाढवायला जमिनीला त्यांचा तळ मागे खेचावा लागतो. म्हणून तो बाण उलटा, पण अगदी छोटा.

अकरावी_ब: पटलं. पण गाडी पळत असताना याला स्थितिक घर्षण का म्हणायचं?

जुना_क्लच: ओल्या मातीतून गेलेल्या गाडीचा माग बघ. टायरच्या नक्षीची खाच न् खाच स्वच्छ उठलेली असते. टायर घासत गेला असता तर सगळं फासलं गेलं असतं. टेकलेला भाग त्या क्षणापुरता जमिनीवर स्थिरच असतो.

न्यूटनमीटर: आकडे टाकतो. निव्वळ बल १२०० × २ = २४०० न्यूटन. चाकांच्या लोळण्याचा विरोध शंभर-सव्वाशे, ताशी ७२ किमीला हवेचा साधारण दीडशे. म्हणजे पुढच्या चाकांनी २७०० च्या आसपास द्यायला हवेत.

पुढच्या चाकांवर ६० टक्के वजन धरलं तर सुमारे ७००० न्यूटन. त्यातले वेग घेताना पाचेकशे मागे सरकतात. गाडीचं नाक उचललेलं दिसतं ते त्यामुळेच. कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक ०.८ धरा, ५२०० पर्यंत पकड मिळते, भरपूर झाली. बर्फावर ०.१ धरलात तर जेमतेम सातशे. तिथे २ मी/से² विसरा, इंजिन कितीही दांडगं असो, चाकं जागच्या जागी गरगरतील.