मदत हवी आहे: मावठ्यानंतर बटाट्याच्या पाल्यावर काळे डाग. फवारू की पाला कापू? (इंदूर)

राऊचा_वाफा
नमस्कार मंडळी. इंदूरजवळ राऊला घरामागे ३० बाय १० फुटांचा बटाट्याचा वाफा आहे. पाच वरंबे, दोन वरंब्यांत २ फूट, दोन झाडांत २० सेंटिमीटर, एकूण साधारण २२० झाडं. जात कुफरी ज्योती, लागवड २९ ऑक्टोबरची, म्हणजे आज ७२ दिवस झाले. माती काळी, चिकण. पाणी सरीतून, आठवड्यातून एकदा.

गेल्या शनिवार-रविवारी मावठा पडला, नंतर रोज सकाळी धुकं. आज भिंतीकडच्या वरंब्यावर ९ झाडांना डाग दिसले. पानाच्या कडेपासून आत सरकणारे, ओलसर, काळपट हिरवे. दोन झाडांच्या देठांवरही तपकिरी पट्टे आहेत. शेजारी टोमॅटोची ६ झाडं आहेत, ती अजून स्वच्छ. दुकानात 'झुलसा' (करप्याचं हिंदी नाव) म्हटल्यावर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची ५० टक्क्यांची पुडी मिळाली, ती फोडलेली नाही. हा लवकर येणारा करपा की उशिरा येणारा? आणि आज नेमकं काय करू?

कंदमुळे
पुडी फोडू नका, बरं केलंत. उशिरा येणारा करपा फायटोफ्थोरा इन्फेस्टन्समुळे होतो आणि तो खऱ्या बुरशीच्या कुळातलाच नाही. कार्बेन्डाझिम बुरशीच्या ज्या प्रथिनावर काम करतं, तिथे या जीवावर त्याची पकडच बसत नाही. फवारल्यासारखं वाटतं, मधले चार दिवस जातात, आणि या रोगात चार दिवसांत वाफा हातचा जातो.

आधी ओळख पटवा. लवकर येणारा करपा (अल्टरनेरिया) खालच्या जुन्या पानांपासून चढतो. त्याचे डाग कोरडे असतात, शिरांपाशी अडतात आणि आत लाकडाच्या कापासारखी वर्तुळं दिसतात. त्याला २४ ते २९ अंशांची ऊब लागते. उशिरा येणाऱ्याचा डाग ओला, शिरा न जुमानणारा, कडेला फिकट हिरवी झालर असलेला. सकाळी दव असताना पान उलटं करा. डागाच्या मधोमध नाही, जिवंत हिरव्या भागाच्या सीमेवर पिठासारखी पांढरी लव दिसली तर शंका उरत नाही. उन्हं वर आली की ती दिसेनाशी होते.

लव नसेल तर डागाळलेली दोन पानं ओल्या कागदासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर घरात ठेवा.

राऊचा_वाफा
ठेवली होती. आज सकाळी दोन्ही पानांखाली डागाच्या कडेने पांढरी लव आहे. झाडं मात्र ९ ची १४ झाली, सगळी त्याच वरंब्यावर.

कंदमुळे
म्हणजे उशिरा येणाराच. आज या क्रमाने करा.

ती १४ झाडं आणि त्यांना लागून असलेलं दोन्ही बाजूंचं एकेक झाड, पाला ओला नसताना, जमिनीलगत कापा. उपटू नका, उपटताना शेजारच्यांचे कंद उघडे पडतात. कापलेला पाला तिथल्या तिथे पिशवीत भरा, वाफ्यावरून ओढत नेऊ नका.

मग फवारणी. सायमोक्सॅनिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण, लिटरला ३ ग्रॅम. तुमच्या वाफ्याला भरलेल्या पाल्यावर अडीच ते तीन लिटर पाणी लागेल, म्हणजे ९ ग्रॅम पावडर. चमच्याने अंदाज घेऊ नका, वजनकाट्यावर मोजा. आधी वाटीभर पाण्यात पातळ पेस्ट करा, फडक्यातून गाळा, मग पंपात घाला. थेट टाकलेली पावडर तळाशी बसते आणि नोझल चोंदतं. चिकटद्रव लिटरला अर्धा मिली.

दव वाळल्यावर, साधारण दहा-साडेदहानंतर फवारा. नोझल खालून वर धरा, कारण लव पानाच्या पाठीवर येते. लोक वरून शिंपडून मोकळे होतात आणि औषधाला नावं ठेवतात. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या हव्यातच. टोमॅटोवरही मारा, हा रोग दोघांचा आहे. फक्त तोडणी आणि फवारणीत किती दिवस सोडायचे ते पुडीवर पाहून पाळा.

सायमोक्सॅनिल पानात शिरून एक-दोन दिवसांपूर्वीची लागण थोपवतं. मॅन्कोझेब फक्त पृष्ठभागावर राहतं, नवीन बीजाणू रुजू देत नाही. म्हणून सात दिवसांनी दुसरी फवारणी नुसत्या मॅन्कोझेब ७५ टक्क्यांची, लिटरला अडीच ग्रॅम. सायमोक्सॅनिल पाठोपाठ मारू नका, प्रतिकार तयार होतो. मेटॅलॅक्सिल या जुन्या औषधाचं तेच झालं.

माळव्याची_माती
कंदमुळेंच्या सांगण्यात थोडी भर. शेतात सगळा पाला कापण्याआधी तो तीन चतुर्थांश जाईपर्यंत थांबायचा सल्ला असतो. घरच्या वाफ्यात तेवढं थांबू नये. फवारणीनंतरही पाव पाला डागाळला तर सगळ्या वाफ्याचा पाला जमिनीलगत कापा. ज्योतीला ९० ते १०० दिवस लागतात, पण ७५ व्या दिवशी खाण्याजोगा बटाटा धरलेला असतो. कंद थोडे लहान राहतील, पण राहतील तरी.

पाल्यावरचे बीजाणू पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतात आणि वरच्या कंदांना गाठतात. काळी माती वाळली की भेगा पडतात, त्या भेगा म्हणजे थेट रस्ता. आजच भेगा बुजवून वरंब्यावर १० ते १५ सेंटिमीटर मातीची भर द्या. आणि पाणी थांबवा. हवामान १० ते २० अंशांत आणि पानं दहा-बारा तास ओली, एवढंच या रोगाला लागतं. धुकं आपल्या हातात नाही, पाणी आहे.

ज्योती १९६८ ची जात. तेव्हा ती करप्याला तोंड देत असे, आता तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

राऊचा_वाफा
सगळं केलं. दोन शंका. कापलेला पाला कंपोस्टमध्ये चालेल का? आणि दुसरी फवारणी बोर्डो मिश्रणाची केली तर?

हिरवी_गच्ची
ज्या 'इंदूर पद्धती'ने कंपोस्ट जगभर गेलं, ती ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपल्याच गावात, आताच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर, १९२४ ते १९३१ या काळात बसवली. त्या पद्धतीचा जीव ढिगाच्या उष्णतेत आहे. मोठा, नीट रचलेला, पालटत राहिलेला ढीग तापतो, आपली दोन फुटी टाकी तापत नाही. पाला सुकला की त्यातला रोग फार टिकत नाही, पण पाल्याबरोबर गेलेला एखादा लिंबाएवढा कंद टाकीत जिवंत राहतो आणि पुढच्या हंगामात रोगासकट फुटतो. तेव्हा सगळं ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या.

बोर्डो चालेल, पण ते रोखतं, लागलेलं बरं करत नाही. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे लिटरला १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम कळीचा चुना. प्लास्टिकच्या दोन भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळं विरघळवा, चुना गार होऊ द्या, मग तिसऱ्या भांड्यात दोन्ही धारा एकदम ओता. घासलेला लोखंडी खिळा दोन मिनिटं बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा पाहा. तसंच मारलं तर पानं भाजतात. त्याच दिवशी संपवा, शिळं मिश्रण पानाला धरत नाही.

राऊचा_वाफा
पाचव्या दिवसाची खबर: नवीन डाग फक्त तीन झाडांवर, ती कापली. आकाश निरभ्र आहे. काढणी कधी करू? आणि यातलं बेणं ठेवता येईल का?

माळव्याची_माती
पाला कापल्यापासून किमान पंधरा दिवस जमिनीला हात लावू नका. तेवढ्यात साल पक्की होते आणि मातीच्या वरच्या थरातले बीजाणू मरतात. घाईने खणलात तर साल अंगठ्याने सुटते आणि पाल्यावरचा रोग बटाट्याला लागतो. कोरड्या दिवशी खणा, सावलीत पसरा, धुऊ नका.

पोत्यात भरण्याआधी संशयित बटाटा कापून बघा. सालीवर जांभळट, किंचित खचलेला डाग, आणि खाली विटकरी रंगाचा, रवाळ, वेडावाकडा आत गेलेला भाग असेल तर तो करप्याचा. सुरुवातीला टणकच असतो, नंतर जिवाणू शिरून घाण वास मारतो. तसे वेगळे काढा आणि दहा दिवसांनी सगळा ढीग पुन्हा पाहा, कारण काही कंदांत रोग उशिरा दिसतो.

बेणं अजिबात ठेवू नका, कितीही गोजिरं दिसलं तरी. पुढच्या ऑक्टोबरात प्रमाणित बेणं घ्या. चिपसोना-१ ही जात करप्याला ज्योतीपेक्षा बरी तग धरते. भिंतीकडचा वरंबा सोडून द्या, तिथे दव सगळ्यात उशिरा वाळतं. आणि मार्चपर्यंत वाफ्यात आपोआप उगवलेलं प्रत्येक बटाट्याचं रोप कंदासकट काढा.