एआयच्या नैतिकतेचा आलेख हिरवा दिसला, म्हणून सही करायची का?

आडवा अक्ष

अर्जांची छाननी करणारी एक एआय प्रणाली घ्यायचं आमच्याकडे चाललंय. विकणाऱ्यांनी सोबत डॅशबोर्ड दिलाय. डावीकडे षट्कोनी रडार चार्ट, म्हणजे मधून निघालेल्या सहा अक्षांवर गुण मांडून ते जोडून काढलेला आकार: न्याय्यता, पारदर्शकता, सुरक्षितता, गोपनीयता, उत्तरदायित्व, विश्वासार्हता. प्रत्येक टोकाला शंभरपैकी गुण. मधे 'विचारप्रक्रिया' नावाची चौकट, तिच्यात गोल आणि बाण: अर्ज वाचला, निकष लावले, अपवाद पाहिले, निर्णय दिला. उजवीकडे प्रत्येक निर्णयाची कारणं, लाल-निळ्या पट्ट्यांत. आणि सगळ्यात वर एक हिरवा ठिपका. बैठकीत निम्मे लोक त्या ठिपक्याकडे बघूनच माना डोलवत होते.

माझं मत सरळ आहे: या चित्रांवरून प्रणाली कशी आहे हे कळत नाही, फक्त आपली भीती कमी होते. आणि भीती कमी व्हावी असं अजून काहीच घडलेलं नाही.

रडार चार्टच घ्या. समजा तीन निकषांना ९० गुण आणि तीनांना ३०. नव्वदवाले तिघे शेजारी बसवले, तर त्याच आकड्यांचा षट्कोन एकाआड एक बसवल्यापेक्षा ४४ टक्के मोठा दिसतो. क्षेत्रफळ शेजारच्या दोन अक्षांच्या गुणाकारावर ठरतं, म्हणून. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणजे प्रणालीत काडीचाही बदल न करता, नुसती टोकं हलवून ती जास्त 'नैतिक' दाखवता येते. शिवाय गोपनीयतेचे ३० गुण आणि सुरक्षिततेचे ३० गुण एकाच मापाचे कसे, हे विचारलं तर उत्तर नाही. गुण कोणी दिले, कशावरून दिले, यावरही नाही.

विचारप्रक्रियेच्या चौकटीबद्दल तर बोलायलाच नको. २०२३ मध्ये टर्पिन आणि सहकारी संशोधकांनी भाषा-मॉडेलांना, म्हणजे चॅटबॉटसारख्या मजकूर लिहिणाऱ्या एआयला, बहुपर्यायी प्रश्न दिले आणि आधीच्या नमुना प्रश्नांत बरोबर उत्तर दरवेळी 'अ' हाच पर्याय येईल अशी मांडणी केली. मॉडेलं 'अ'कडे झुकली, चुकीची उत्तरं द्यायला लागली आणि वर प्रत्येक उत्तराला मुद्देसूद स्पष्टीकरणही जोडलं. नमुन्यांत सतत 'अ' येतंय म्हणून मी 'अ' म्हटलं, असं त्या स्पष्टीकरणांत जवळजवळ कुठेच आलं नाही. आता त्याच स्पष्टीकरणाला गोल आणि बाण काढले की ती झाली 'विचारप्रक्रिया'.

कुणाला याउलट वाटतं का? वाटत असेल तर कारणासकट लिहा.

टाचणी

मला वाटतं. विक्रेत्याच्या एका भिकार डॅशबोर्डचा राग तुम्ही सगळ्याच आलेखांवर काढताय.

न्यूमोनियाच्या रुग्णांचं उदाहरण या क्षेत्रातल्या बहुतेकांना माहीत असतं, तरी इथे लिहितो. कोणत्या रुग्णाला मृत्यूचा धोका जास्त, हे सांगणारी मॉडेलं १९९०च्या दशकात बनवली होती. त्यातल्या नियमांवर चालणाऱ्या मॉडेलने एक अजब गोष्ट शिकून ठेवली होती: दमा असेल तर धोका कमी. खरी गोष्ट अशी, की दमा असलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णाला डॉक्टर थेट अतिदक्षता विभागात हलवत, म्हणून ते वाचत. मॉडेलला फक्त 'वाचले' एवढंच दिसलं. त्याच्या भरवशावर दमेकऱ्याला घरी पाठवलं असतं तर? पुढे २०१५ मध्ये रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक घटकाचा वेगळा आलेख काढता येईल अशा मॉडेलवर तीच माहिती चालवली आणि दम्याचा प्रकार आलेखात सरळ दिसला. १९९०च्या दशकात अचूकतेत सरस ठरलेलं न्यूरल नेटवर्क प्रकारचं मॉडेल तेव्हाच बाजूला ठेवलं गेलं, कारण त्याच्या पोटात असं आणखी काय दडलंय हे बघायची सोयच नव्हती.

चित्र नसतं तर काय केलं असतं? अचूकतेचा एक आकडा बघून तुम्हीही सही केली असती. आणि 'आलेखांवर विश्वास ठेवू नका' हे वाक्य सगळ्यात जास्त कोणाला आवडेल, ठाऊक आहे? ज्यांना काहीच दाखवायचं नाहीये त्यांना.

काठावरचा

आडवा अक्ष यांना +१. हिरवा ठिपका कधी लाल होतो, हे विक्रेत्याला विचारा. आम्ही विचारलं होतं. 'अजून तशी वेळ आली नाही' म्हणाले. :)

नमुना क्र. शून्य

दोघेही मुद्द्याच्या बाजूने चाललात. रडारचा आकार बाजूला ठेवा, 'न्याय्यता' या अक्षावर आत काय मोजलंय ते बघा. तिथे एकच आकडा असेल तर काहीतरी नक्की लपलंय, आणि त्यासाठी विक्रेता लबाड असायची गरज नाही.

उदाहरण करून दाखवतो. दोन गट, प्रत्येकी १०० माणसं. पहिल्या गटातली ५० माणसं पुढे कर्ज थकवणार, दुसऱ्यातली २०. प्रणालीने पहिल्या गटातल्या ६० जणांना 'धोकादायक' ठरवलं, त्यातले ४२ खरोखर थकवणारे निघाले. दुसऱ्या गटात २० जणांना ठरवलं, त्यातले १४ निघाले. दोन्हीकडे शिक्का ७० टक्के वेळा बरोबर. डॅशबोर्डवर दोन सारख्या उंचीचे खांब आणि वर हिरवा ठिपका.

आता जे कर्ज वेळेवर फेडणार होते त्यांच्या बाजूने मोजा. पहिल्या गटात अशी ५० माणसं, त्यातल्या १८ जणांवर उगाच शिक्का बसला, म्हणजे ३६ टक्के. दुसऱ्या गटात ८० माणसं, शिक्का ६ जणांवर, म्हणजे साडेसात टक्के. माहिती तीच, प्रणाली तीच, आणि एक खांब दुसऱ्याच्या जवळपास पाचपट.

हे नुसतं गणितातलं भांडण नाही. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, याचा अंदाज देणाऱ्या कॉम्पास या प्रणालीवरून २०१६ मध्ये हेच झालं. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीची माहिती तपासली. पुन्हा गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्क्यांवर जास्त धोक्याचा शिक्का होता, गोऱ्यांमध्ये सुमारे २३ टक्क्यांवर. कॉम्पास बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, आमचा शिक्का दोन्ही गटांत सारखाच बरोबर ठरतो. दोघांनी आपापले आलेख दाखवले, आणि दोघांचेही आलेख त्यांच्या मोजमापाप्रमाणे बरोबर. लगोलग क्लाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी, तसंच वेगळेपणाने शूल्देकोव्हा यांनी सिद्ध केलं की दोन गटांत मुळातलं प्रमाण वेगळं असेल आणि अंदाज शंभर टक्के अचूक नसेल, तर हे दोन्ही खांब आणि तिसरा, म्हणजे शिक्का बसायला हवा होता पण सुटले त्यांचा खांब, असे तिन्ही एकाच वेळी सारखे करता येतच नाहीत.

म्हणजे कुठला अन्याय चालवून घ्यायचा हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या बैठकीत ते कुणी ठरवलं? कुणीच नाही. ज्याने चार्टचं सेटिंग केलं, त्याने.

आडवा अक्ष

नमुना क्र. शून्य, हा प्रतिसाद छापून बैठकीत वाटणार आहे.

टाचणी, दम्याचं उदाहरण मान्य. पण ते मॉडेलच आलेखात मावेल असं बनवलं होतं, तिथे आलेख आणि मॉडेल एकच. आमच्याकडे मॉडेल बंद डबा आहे आणि लाल-निळ्या पट्ट्या बाहेरून लावल्यात. शॅप आणि लाइम या पद्धती अर्जात बारीकसारीक बदल करून मॉडेलला पुन्हा पुन्हा विचारतात आणि उत्तर किती हललं यावरून पट्ट्या काढतात. २०२० मध्ये स्लॅक आणि सहकाऱ्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांनी मुद्दाम वंशावरून निर्णय देणारं मॉडेल बनवलं आणि त्याला कृत्रिम अर्ज ओळखायला शिकवलं. खरा अर्ज आला की भेदभाव, तपासणीसाठी बनवलेला आला की सज्जनपणा. पट्ट्यांत वंश खाली गेला आणि भलतीच निरुपद्रवी कारणं वर आली. परीक्षक दिसला की वर्ग शांत, तसा प्रकार.

प्रतिमा ओळखणाऱ्या मॉडेलांचंही तेच. मॉडेलने कुठे 'पाहिलं' ते उजळून दाखवणारे नकाशे असतात ना, त्यांची चाचणी २०१८ मध्ये अदेबायो वगैरेंनी घेतली. मॉडेलने शिकलेले आकडे पुसून तिथे यादृच्छिक आकडे भरले. काही पद्धतींचे नकाशे तरीही जवळजवळ तसेच! आत मॉडेल उरलंच नाही आणि 'मॉडेलने इथे पाहिलं' हे चित्र कायम.

टाचणी

पण ते पुसून बघायची चाचणी कुणी लावली? चित्रांचाच अभ्यास करणाऱ्यांनी. मग माझा मुद्दा तुम्हीच मांडताय: चित्र तपासता येतं.

अँथ्रॉपिक या एआय कंपनीने २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या क्लॉड ३.५ हायकू या भाषा-मॉडेलच्या आतल्या वाटांचे आलेख प्रसिद्ध केले. ३६ अधिक ५९ विचारलं की आत दोन वाटा एकदम चालतात. एक उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज घेते, दुसरी फक्त एकम स्थानचा अंक नेमका काढते, ६ आणि ९, म्हणजे शेवटी ५. दोन्ही जुळून ९५. आणि कसं काढलंस असं त्याच मॉडेलला विचारलं तर ते शाळेतली रीत सांगतं: सहा आणि नऊ पंधरा, हातचा एक. मॉडेल स्वतःबद्दल सांगतंय ते आत घडलेलंच नाही, हे आपल्याला कळलं कशामुळे? आलेखामुळे.

आणि ते नुसतं चित्र काढून थांबले नाहीत. 'डॅलस ज्या राज्यात आहे त्याची राजधानी' या प्रश्नात आलेखावर मधे 'टेक्सस' दिसत होतं. तिथे आत शिरून त्याजागी 'कॅलिफोर्निया' घातलं, तर उत्तर ऑस्टिनऐवजी सॅक्रामेंटो आलं. याला म्हणतात आलेख वाचणं. गोल काढलाय ना? मग तो हलवून दाखव, उत्तर हललं पाहिजे.

आडवा अक्ष

त्याच मंडळींनी हेही लिहून ठेवलंय की या आलेखांतून समाधानकारक काही हाती लागतं ते तपासलेल्या प्रश्नांपैकी सुमारे एक चतुर्थांशात. तेही तज्ज्ञ लोक एकेका प्रश्नावर बसले तर. आमच्या डॅशबोर्डवर मात्र प्रत्येक अर्जाला, क्षणात, न चुकता गोल आणि बाण तयार. एवढी हुशारी येते कुठून?

पण हलवून दाखवायची अट आवडली. विक्रेत्याला सोमवारी तीन गोष्टी करायला सांगतो. तुमचं मॉडेल काढून नाणेफेक करणारं मॉडेल लावा आणि डॅशबोर्ड दाखवा. मुद्दाम भेदभाव करणारं लावा आणि दाखवा. 'अपवाद पाहिले' हा गोल बंद करा आणि कुठले निर्णय बदलले ते दाखवा. तिन्ही वेळा ठिपका हिरवाच राहिला तर बोलणी तिथेच संपली.

रात्रपाळी

हे वाद वाचायला छान आहेत. मी अशाच एका प्रणालीच्या स्क्रीनपुढे बसते. प्रणाली नाकारते त्या अर्जांवर 'माणसाने तपासलं' असं नोंदवायचं माझं काम. पट्ट्या नव्हत्या तेव्हा अर्ज उघडून वाचावा लागायचा. आता पट्टीत कारण लिहिलेलं असतं, ते पटण्यासारखं असतं, 'तपासलं' दाबायचं आणि पुढे. २०२१ मध्ये बन्सल आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असंच दिसलं होतं: स्पष्टीकरण जोडलं की माणसं एआयचं म्हणणं जास्त मान्य करतात, मग ते बरोबर असो की चूक. युरोपीय संघाच्या एआय कायद्यातल्या चौदाव्या कलमात तर यंत्रावर आपोआप विसंबण्याच्या या प्रवृत्तीचं नाव घेऊन देखरेख करणाऱ्याला सावध राहता येईल अशी सोय ठेवायला सांगितलंय. सावध राहायला एका अर्जामागे किती वेळ द्यायचा, ते आमच्या कोष्टकात कुठेच नाही.

तुमच्या तिन्ही चाचण्या पास झाल्या तरी माझ्या खुर्चीत काही बदलणार नाही. माझं ऐकाल तर आधी अर्ज दाखवा, माझं मत नोंदवून घ्या, मग पट्ट्या उघडा.

टाचणी

रात्रपाळी, हे पटलं. क्रम उलटा करा, नक्की करा. पण पट्ट्या पुसून टाका असं म्हणू नका. ज्याचा अर्ज नाकारलाय तो उद्या 'का?' विचारत आला, तर त्याच्यापुढे काय ठेवणार?

रात्रपाळी

पट्टी ठेवणार नाही. ती सांगते की सरासरी अर्जापासून याचा आकडा कुठल्या रकान्यामुळे किती सरकला. त्याला विचारायचंय की काय बदललं असतं तर अर्ज मंजूर झाला असता, आणि ते बदलणं त्याच्या हातात होतं का. हे दाखवणारी चौकट त्या डॅशबोर्डवर आहे का, आडवा अक्ष?

आडवा अक्ष

नाही. चौथी अट म्हणून लिहून घेतली.