मदत हवी आहे: आखाजीच्या दुपारी अक्षरांचा खेळ, ठ-ढ-ण-ळ ची माणसं सुचवा

झोका

राम राम मंडळी. आखाजी (आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया) तोंडावर आलीय म्हणून धागा घाईत काढतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझं सासर पारोळ्याकडचं. आखाजीला सगळ्या नणंदा माहेरी येतात, सोबत पुण्याची आणि सुरतेची भाचरं. घागर भरून झाली, गौराईची पूजा झाली, आमरस-पुरणपोळीवर ताव मारून झाला की अख्खी दुपार उरते. बाहेर पंचेचाळीसचं ऊन. निंबाला झोका बांधलेला असतो, पण उन्हं कलल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. पुरुषमंडळी पत्त्यांना बसतात, आखाजीच्या पत्त्यांना कोण बोलणार! राहिलो आम्ही बायका, पोरं आणि आमचे आजेसासरे. ते निवृत्त शिक्षक, घरात सगळे त्यांना आबा म्हणतो.

तर खेळ असा. गोल करून बसायचं आणि वर्णमालेच्या क्रमाने पुढे जायचं. ज्याच्यावर जे अक्षर येईल त्याने त्या अक्षराचं प्रसिद्ध माणूस सांगायचं. खरं चालेल, पुराणातलं चालेल, गोष्टीतलं किंवा कार्टूनमधलंही चालेल. नुसत्या नावावर सुटका नाही, तो कोण हे एका वाक्यात सांगावं लागतं. दहा मोजेपर्यंत सुचलं नाही तर बाद, आणि बाद झालेल्याने उठून सगळ्यांना पन्हं द्यायचं. यामुळे थोरली नणंद मुद्दाम कोणाला तरी लवकर बाद करते हा भाग वेगळा.

मागच्या दिवाळीत हाच खेळ ठ ला अडकला आणि भांडणावर संपला. म्हणून मदत हवी आहे.

एक, अवघड अक्षरांची नावं. झ, ठ, ढ, ण, थ, ष, ळ, क्ष, ऋ, ऐ, औ. ङ आणि ञ आम्ही सोडूनच देतो. ज्ञ ला ज्ञानेश्वर आहेत, पण ते एकदा होऊन गेले की दुसऱ्या फेरीत सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

दोन, आडनाव धरायचं का? आबा म्हणतात पाळण्यातलं नाव धरा, बाकी सगळी लबाडी. त्यांच्या हिशेबाने साने गुरुजी प मध्ये जातात, कारण पांडुरंग सदाशिव. पोरांना हे पटत नाही. उलट धाकट्या भाच्याने ड ला ‘डॉक्टर आंबेडकर’ सांगितलं आणि सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. हे कसं सोडवायचं?

तीन, यंदा एक फेरी फक्त खानदेशच्या माणसांची घ्यायची इच्छा आहे. सुरतेच्या पोरांना बहिणाबाई सोडून कोणी माहीत नाही, आणि त्याही शाळेच्या पुस्तकामुळे. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलंही चालेल. फक्त हयात पुढारी नकोत. आमच्याकडे एकाच पंगतीत तीन पक्ष जेवतात.

तापीकाठ

झोकाताई, अवघड अक्षरांना बसल्या बसल्या जी सुचली ती देतो.

झ ला झलकारीबाई, झाशीच्या राणीच्या सैन्यातली. खुद्द राणीला झ मध्ये घालू देऊ नका, झाशी हे गाव आहे. ठ ला ठणठणपाळ, जयवंत दळवी या टोपणनावाने लिहायचे. ढ ला पाळण्यातलं नाव मिळणं कठीण, आडनाव चालत असेल तर नामदेव ढसाळ. थ ला थिबा राजा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, १८८५ साली इंग्रजांनी पदच्युत केला आणि रत्नागिरीला आणून ठेवला, तिथेच १९१६ मध्ये वारला. ष ला षडानन किंवा षण्मुख, दोन्ही कार्तिकेयच. ऋ ला ऋतुपर्ण, नळराजा ज्याच्याकडे सारथी म्हणून राहिला तो अयोध्येचा राजा. सिनेमावाल्यांसाठी ऋत्विक घटक आणि ऋषी कपूर. ऐ ला ऐश्वर्या राय कोणीही सांगेल, मी असतो तर ऐरावत सांगितला असता. तो हत्ती असला तरी पात्रच आहे. औ ला औरंगजेब.

ळ ने सुरू होणारं नाव शोधण्यात वेळ घालवू नका. ळ पुरता नियम उलटा करा, नावाच्या शेवटी ळ हवा. नळ, वेताळ, गोपाळ. आणि गंमत बघा, ठणठणपाळ नि ढसाळ दोघंही ळ लाही चालतात. तेव्हा ठ-ढ ला कोणी खर्च केले की ळ ला परत घेऊ द्यायचे नाहीत.

भरीतभाकरी

वहिनी, ळ नी कायजी कशाले करतस? अहिराणीमा ळ शेच कोठे! खेळले आम्ही खेय म्हंतस, डोळाले डोया, काळाले काया. ण नं बी तसंच, पानी ते पानीच. अहिराणी धरीसन खेया, दोन अक्षरं आपसूक कमी व्हतीन.

निमित्तमात्र

भरीतभाकरी, हे आबांसमोर बोलून दाखवा, मग बघू.

नियमाबद्दल माझं मत. पाळण्यातल्या नावाचा आग्रह धरला तर खेळ मरतो. बालकवींना त्र्यंबक आणि गाडगेबाबांना डेबूजी म्हणायची वेळ येते, आणि सात वर्षांच्या पोराने ते कुठून आणायचं? आम्ही असं करतो: लोक ज्या नावाने ओळखतात त्याचं पहिलं अक्षर. टिळक ट मध्ये, कारण ‘बाळ’ म्हटलं तर कोणाच्या डोळ्यासमोर ते येत नाहीत. शिवाजी महाराज श मध्येच, छ मध्ये नाहीत. पदव्या, बिरुदं, डॉक्टर, लोकमान्य, महर्षी, सगळं गाळायचं. नाहीतर म ला महात्मा, महर्षी, महाराणी लावून कोणीही सुटतं. तुमच्या भाच्याचा ड बाद, पण डेबूजीसाठी ड उघडा ठेवा. ज्याला पाळण्यातलं नाव माहीत आहे त्याला अभ्यासाचं बक्षीस म्हणून ते वापरू द्यावं. म्हणजे आबाही खूश.

साने गुरुजी स मध्ये. याच्यावर चर्चा नको.

झोका

तापीकाठ, ळ चा उलटा नियम एकदम पसंत. निमित्तमात्र, ‘लोक ज्या नावाने ओळखतात’ हे आबांना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाले, “कोणते लोक?” म्हणजे अर्धी लढाई बाकी आहे.

भरीतभाकरी, आमच्या सासूबाई तुमच्या बाजूने आहेत.

ण मात्र तसाच राहिला. कोणाकडे काही?

मोडीवाचक

ण ला उत्तर आहे, पण मराठीच्या थोडं मागे जावं लागेल. प्राकृत आणि अपभ्रंशात शब्द सर्रास ण ने सुरू होतात. पुष्पदंत कवीचं अपभ्रंशातलं चरितकाव्य आहे, त्याचा नायक णायकुमार, म्हणजे नागकुमार. हा ण चा अस्सल माणूस. घरात किंवा शेजारी कोणी जैन असतील तर ‘णमो अरिहंताणं’ त्यांच्या तोंडीच असतं, त्यांना ण ने सुरुवात होण्याचं नवल वाटणार नाही. आबा शिक्षक आहेत म्हणता, त्यांना हे नाव आधी सांगू नका. ण त्यांच्यावर येईल असं बसवा.

क्ष ला क्षेमेंद्र, अकराव्या शतकातला काश्मीरचा संस्कृत कवी. अमरकोशावर टीका लिहिणारा क्षीरस्वामी. आणि पंडिता क्षमा राव, विसाव्या शतकात संस्कृतात लिहिणाऱ्या लेखिका. तीन फेऱ्यांची सोय झाली.

खानदेशाच्या फेरीत च जपून. चांगदेव दोन आहेत. एक योगी चांगदेव, मुक्ताबाईचे शिष्य, त्यांच्या नावाचं गाव तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. दुसरा चांगदेव भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्याचं नाव येतं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला. तो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. एका पोराने योगी सांगितला आणि दुसऱ्याने ज्योतिषी, तर दोघांनाही गुण द्यावे लागतील. भास्कराचार्यांचं जन्मगाव कुठलं यावर वाद आहे, तेव्हा भ ला ‘पाटणचे’ एवढंच म्हणू द्या, ‘पाटणला जन्मलेले’ नको.

उधना_फाटक

मी सुरतेचा, मूळ शिंदखेडा. ताई, आमच्या पोरांना एवढं कच्चं समजू नका हं. न ला नर्मद सांगतील, सुरतेचा कवी, १८३३ चा जन्म. तुमच्याकडे कोणाला माहीत आहे?

कार्टूनचं मात्र काहीतरी करा. आमच्याकडे ड आला की डोरेमॉन, न आला की नोबिता, श आला की शिनचॅन, आणि पुढच्या फेरीत परत तेच. आम्ही प्रत्येकाला अख्ख्या खेळात एकच कार्टून असा कायदा केला. पोरं ते ठेवणीत ठेवतात आणि भलत्याच अक्षराला काढतात. माझ्या मुलीने ॲ ला ॲलिस काढली. ॲ आणि ऑ घेता ना तुम्ही? २००९ च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत आलेत, पोरांच्या पाटीवर असतात. मोठ्यांना ॲरिस्टॉटल द्या.

झोका

उधना_फाटक दादा, नर्मद आमच्यात आबांशिवाय कोणालाच माहीत नसणार. माघार घेते. एक कार्टूनचा कायदा आजपासून लागू.

खानदेशाच्या फेरीची यादी इथपर्यंत आली, तपासून द्या.

क ला केकी मूस, चाळीसगावचे छायाचित्रकार. ख ला खाज्या नाईक, १८५७ च्या उठावातले भिल्ल नेते. ग ला गांधीजी, १९३६ च्या फैजपूर काँग्रेसला आले होते, म्हणजे पाहुणे म्हणून का होईना आपले. च ला दोघं चांगदेव. ध ला धनाजी नाना चौधरी, स्वातंत्र्यसैनिक. न ला नेमाडे, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. प ला प्रतिभाताई पाटील. त्या हयात आहेत, पण राष्ट्रपती होत्या, पक्षात धरत नाही. ब ला बहिणाबाई आणि बालकवी. भ ला भास्कराचार्य. म ला मुक्ताई. र ला राजवाडे, इतिहासाचार्य, धुळ्याचे. व ला विनोबा, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. श ला शिरीषकुमार, नंदुरबारचा बालहुतात्मा. स ला साने गुरुजी, अमळनेरला शिक्षक होते. सोपानदेव चौधरीही स मध्ये, बहिणाबाईंचे चिरंजीव.

घ, छ, झ, ट, ठ, ढ, थ, फ, ल रिकामे.

तापीकाठ

ठ भरा की! बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, धरणगावचे, १८९० चा जन्म. १९१८ मध्ये भादलीला रेल्वे अपघातात गेले. निमित्तमात्र यांचा नियम इथे आड येतो, पण खानदेशाच्या फेरीत आडनाव चालू द्या, नाहीतर ठ कायमचा रिकामा.

ट ला टंट्या भिल. तो निमाडचा, पण सातपुड्याच्या अलीकडेपलीकडे त्याचं नाव सारखंच गाजलं. १८८९ ला जबलपूरला फाशी दिली. फ ला फारुकी चालतील का? खानदेशचे सुलतान, थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत. एकच माणूस हवा असेल तर मलिक राजा, पण तो म मध्ये जातो.

निमित्तमात्र

फारुकी म्हणजे अख्खं घराणं झालं, एक माणूस नाही. नामंजूर.

ल ला लीलाताई पाटील, अमळनेरच्या स्वातंत्र्यसैनिक. थ ला कोणी ‘थाळनेरच्या’ म्हणून लता मंगेशकर घुसवेल. थाळनेर त्यांचं आजोळ, हे खरंच. पण मग झाशीच्या राणीने काय घोडं मारलंय? दीदींना ल मध्ये घ्या.

मोडीवाचक

झ ला झेंडूजी महाराज बेळीकर, जळगावकडचे वारकरी संत. आबांना नक्की माहीत असतील.

भरीतभाकरी

ढ ले मन्हा मोठा भाऊ शे, दहावीले तीनदा बसना. प्रसिद्ध बी शे गावमा.

झोका

भरीतभाकरी, तुमच्या भाऊंचं नाव यादीत घातलं असतं, पण एका वाक्यात ओळख सांगावी लागते आणि ती तुम्ही इथे सांगूनच टाकली.

ठोंबरे घेतले, टंट्या घेतला, झेंडूजी महाराजांचं नाव काढल्याबरोबर आबांनी अभंगच सुरू केला. णायकुमार मी कोणाला सांगितलेला नाही. आबांच्या उजव्या हाताला कोण बसणार ते ठरलंय, क पासून मोजून घेतलं आहे.

घ, छ, ढ, थ, फ अजून रिकामे आहेत. आखाजीपर्यंत धागा वर ठेवा, धुळे-नंदुरबारकडच्या लोकांनी जरा हात लावा. नंदुरबारचा एक शिरीषकुमार सोडला तर तुमच्याकडून काहीच आलं नाही.